पेठला गेलेला डबा

डबा हातात घेतला तेव्हाच निकिताला कळलं, की तो हलका झालाय. ऑफिसातून येऊन तिनं चप्पल काढली होती, पर्स अजून खांद्यालाच होती आणि पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेलं, नवं पाकीट होतं. सासूबाई बाहेरच्या खोलीत आहेत तेवढ्यात ते डब्यात रिकामं करायचं, मोकळं पाकीट घडी घालून पुन्हा पर्समध्ये टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कचऱ्याच्या टोपलीत सोडून द्यायचं, असा तिचा शिरस्ता होता. डब्यावर एका गरोदर बाईचं चित्र होतं. पोट सोडलं तर ती बाई कुठूनच गरोदर दिसत नव्हती. दंड बारीक, हनुवटी कोरलेली, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू ते पोट तिनं कुणाचं तरी घटकाभर धरायला घेतलंय. निकिताला त्या बाईचा पहिल्या दिवसापासून राग होता. तिनं झाकण उघडलं. चार दिवसांपूर्वी निम्म्याच्या वर असलेली पावडर तळाला गेली होती.

"आई, यातली पावडर कुठं गेली?"

विमलाबाई बाहेरच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पेठला गेली. हिरामण आला नव्हता का बाजाराला, तू ऑफिसात होतीस तवा. वहिनीनं नागलीचं पीठ धाडलं होतं ना तिच्या स्टीलच्या डब्यात. आता भरला डबा आला, तो रिकामा कसा लावून द्यायचा? घरात लाडू नाय, चिवडा नाय. म्हटलं, वैष्णवी बाळंतपणाला आलीय, नुसती काडी झालीय पोर. डॉक्टरची पावडर हाय, तिलापन लागू पडंल. तू आणतीसच की नवी."

"सगळी दिली?"

"डबाभर दिली. अर्धा डबा देत्यात का कुणी?"

निकितानं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग ती ओट्याला टेकून उभी राहिली. डब्यात डॉक्टरांची पावडर नव्हतीच. डॉक्टरांची पावडर तिनं चौथ्या महिन्यातच एका सकाळी मोरीत ओतून वर नळ सोडला होता. तिच्या जागी आता सुवर्णाताईंच्या क्लबातली पावडर होती, वजन उतरवायची. दोन्हींचा रंग तोच मळकट पांढरा, वास तोच व्हॅनिलाचा. चमच्यात घेतल्या तर तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं कुठली कुठली ते. फरक एवढाच, की एक पोटात काहीतरी पडावं म्हणून होती आणि दुसरी पोटाला भूक विसरायला लावायची. आणि ती दुसरी आता पेठच्या डोंगरातल्या एका घरात, विमलाबाईंच्या भावजयीचं, कुसाबाईमामींचं, नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात, चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली असणार. आणि मामी, ज्यांनी आयुष्यात कुणाला कमी वाढलं नाही, त्या ती आपल्या काडीसारख्या लेकीला चमचे भरभरून देत असणार. पोटातलं बाळ एका बाजूला सरकलं आणि गप्प झालं. हल्ली ते असंच करायचं, जरासं हलायचं आणि गप्प व्हायचं. गुणी आहे, असं ती दीपकला म्हणायची. दीपक हसायचा, अंबडच्या कंपनीतली दुसरी पाळी करून दमून आलेला असायचा, आणि पोटावर हात ठेवून तसाच झोपी जायचा.

वजन ही गोष्ट निकिताच्या घरात पोटापाण्याची होती. तिचे वडील धोंडीराम सटाण्याच्या बाजार समितीत मापारी. कांद्याच्या गोण्या काट्यावर चढवून आकडा ओरडून सांगायचा हे त्यांचं काम. शाळेला सुट्टी असली की ती त्यांच्याबरोबर शेडमध्ये जायची. तिथला तो तिखट, दमट वास, पायाखाली चिरडलेली कांद्याची टरफलं, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत चहा घेऊन येणारा झुंबर. अशाच एका सुट्टीच्या दिवशी काटा रिकामा होता. हमालांनी हसत हसत तिला उचलून काट्यावर उभं केलं. काटा थरथरला आणि स्थिरावला. एक जण ओरडला, "धोंडूभाऊ, ही पोर नई, कांदानी गोणी शे!" सगळी शेड हसली. तिचे वडीलही हसले. आणि मग, हे तिला नीट आठवत होतं, त्यांनी सवयीनं, बाजारात ओरडतात तशाच खड्या आवाजात, तिचा आकडा ओरडून सांगितला. त्यांच्या मनात काही नव्हतं. पोर खात्यापित्या घरची दिसते याचा त्यांना अभिमानच असावा. पण ती काट्यावरून उतरली ती वेगळीच होऊन उतरली. त्यानंतर कुठंही, कुणाच्याही घरात, देवळाच्या पायरीवर, बसच्या सीटवर ती बसली, की खालचं काहीतरी थरथरून स्थिरावतंय आणि आता कुणीतरी आकडा ओरडणार, असं तिला वाटायचं. पुढं लग्नाच्या वेळी बघायला आलेल्या बायका 'मुलगी अंगानं भरलेली आहे' म्हणायच्या आणि पोह्यांच्या बशीकडे बघायच्या. निकिता त्यांच्यासमोर पोहे खायची नाही. आत जाऊन, कढईतले, उभ्यानं खायची.

विमलाबाईंनी मात्र पहिल्या भेटीत तिच्या दंडाला हात लावून पाहिला होता, आणि "चला, एक तरी धडधाकट सून मिळाली," असं म्हटलं होतं. त्या पेठकडच्या. त्यांच्या लहानपणी घरात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि पाऊस यांच्याखेरीज फार काही नव्हतं, असं त्या स्वतःच सांगायच्या. बारीक माणसाची त्यांना कीव यायची आणि भीती वाटायची. पंचवटीतल्या या दोन खोल्यांत येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली, दीपकचे वडील गेले, तरी घरात आलेला माणूस तोंड गोड न करता गेला तर त्यांना दिवसभर चुटपुट लागायची. वाढताना त्या विचारत नसत. समोरच्यानं 'नको' म्हणायला तोंड उघडेपर्यंत ताटात भाकरी पडलेली असायची आणि वर तुपाची धार. त्या हातात एक जबरदस्ती होती, आणि निकिताला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ती आवडलीही होती. कारण त्या घरात कुणीच तिच्या ताटाकडे बघून आकडा ओरडत नव्हतं.

मग मूल होईना. एक वर्ष, दुसरं, तिसरं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी, चष्मा काढून, फार सौम्यपणे सांगितलं, की आधी वजन थोडं उतरवा, बाकीचं बहुतेक आपोआप मार्गी लागेल. इतक्या सौम्यपणे आजवर तिच्यासमोर कुणी तो शब्द उच्चारला नव्हता, आणि म्हणूनच बहुधा तो खोल गेला. म्हणजे मूल येत नाही ते या अंगामुळं. हे अंग वाटेत आडवं पडलंय. हिरावाडीत सुवर्णाताई पवारांच्या हॉलमध्ये सकाळी क्लब भरायचा. तिथं काचेचा काटा होता. त्यावर उभं राहिलं की वजन यायचं, अंगातली चरबी यायची, इतकंच नाही तर तुमचं शरीर किती वयाचं आहे हेही यायचं. ज्याचं वजन उतरलं त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. निकितासाठी पहिल्यांदा टाळ्या वाजल्या तेव्हा तिला रडू आलं. काट्यावर उभं राहिल्यावर कुणी टाळ्या वाजवतं, हे तिला माहीतच नव्हतं. उंच ग्लासातला तो फेसाळ शेक, वर तो कडसर चहा. आठवड्यामागून आठवडे ती उतरत गेली, आणि वर्ष संपायच्या आत पाळी चुकली. सुवर्णाताईंनी पेढे वाटले. भिंतीवर निकिताचे दोन फोटो लागले, आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी, आणि खाली लाल अक्षरांत, 'आई झाले!' वास्तविक आई व्हायला अजून अवकाश होता. पण सुवर्णाताईंना धीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर निकितालाही नव्हता. तो दुसरा फोटो आपला आहे, ही बारीक हनुवटी आपली आहे, हे बघायला ती कितीदा तरी उगाच क्लबात रेंगाळली होती.

कुकरची शिट्टी झाली. बाहेरून विमलाबाई म्हणाल्या, "गॅस बारीक कर गं." तिनं केला. पेठ नाक्याच्या बाजूनं जीपवाल्यांचे आवाज येत होते, शेवटची सीट भरायची त्यांची रोजची ओरड, "पेठ, पेठ, पेठ." लग्न झाल्यापासून ती ती ओरड ऐकत होती. आज त्यातला प्रत्येक शब्द तिच्या अंगावर येत होता.

दिवस गेल्यावर पोट दिसायच्या आधी दंड दिसायला लागले. निदान निकिताला तसं वाटलं. आरशात ती पोटाकडे बघतच नव्हती. ती हनुवटी शोधत होती. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, शुगर हद्दीवर आहे, जपायला हवं, पण उपाशी राहायचं नाही. गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं, नुसतं आवरायचं असतं. त्यांनी खाण्याचं सगळं समजावलं, ती पावडर लिहून दिली. उतरवणं आणि आवरणं यातला फरक तिला त्यांच्या खुर्चीसमोर अगदी स्पष्ट कळला होता. जिना उतरेपर्यंत तो पुसट झाला. त्याच संध्याकाळी सुवर्णाताई भेटल्या आणि कळकळीनं म्हणाल्या, "निकू, बायका इथंच घसरतात गं. नऊ महिन्यांत सगळी मेहनत पाण्यात. तू एक वेळचा शेक चालू ठेव. सगळं वनस्पतींचं आहे, त्यात काय वाईट व्हायचंय?" सुवर्णाताई खोटं बोलत नव्हत्या, हीच खरी पंचाईत होती. त्या स्वतः दोन बाळंतपणांनंतर जिना चढताना थांबायच्या म्हणे. त्या पावडरीनं त्यांना नवा जन्म दिला असं त्या मानायच्या. देवावर ठेवावी तशी त्यांची तिच्यावर श्रद्धा होती, आणि श्रद्धेनं बोलणाऱ्या माणसाला दवाखान्यातल्या बाईंचं नाव सांगून अडवणं निकिताला जमलं नाही. जमवायचंही नव्हतं. तिला जे ऐकायचं होतं तेच त्या बोलल्या होत्या.

मग डबा. पिशवीतली पावडर घरात दिसली असती तर विमलाबाईंनी विचारलं असतं. डॉक्टरांच्या डब्यात भरल्यावर कुणी काही विचारायचा प्रश्नच उरला नाही. उलट भलतंच झालं. विमलाबाईंनी ते काम आपल्याकडे घेतलं. सकाळी दूध तापलं, की त्या स्वतः दोन चमचे घालायच्या, गाठी राहू नयेत म्हणून घोटून घोटून ढवळायच्या आणि पेला हातात देऊन, संपेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी चमचा चाटून पाहिला. "गोड हाय, पन मागून कडू लागतं," त्या म्हणाल्या. "औषधच ते. कडू असायचंच." एक वेळचा शेक दोन वेळचा झाला, कारण सासूबाईंना वाटलं एकानं काय होतंय. दुपारचा डबा ऑफिसात शेजारच्या टेबलावरची स्नेहा खायची; निकिताला खरंच भूक लागत नव्हती. दवाखान्यात बाई विचारायच्या, "पावडर घेताय ना?" आणि निकितानं उत्तर द्यायच्या आत विमलाबाई म्हणायच्या, "मीच देते मॅडम, दोन टाइम, माझ्या हातानं." निकिता खाली बघायची. खोटं बोलावंसुद्धा लागत नव्हतं. तिच्या वाटणीचं खोटं दुसरं माणूस पूर्ण खरेपणानं बोलत होतं.

आणि गेल्या तपासणीला ते झालं. सोनोग्राफी संपली, पोटावरचा गार चिकटा पुसून ती उठून बसली, आणि बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचं वजन वाढलेलं नाही." त्या क्षणी तिच्या छातीत काहीतरी उमललं. आनंदच झाला तो, दुसरा शब्द नाही त्याला. टाळ्या ऐकू आल्या तिला. बाईंचं वाक्य अजून संपलं नव्हतं. "आणि बाळही जरा मागं आहे. खाणं तर व्यवस्थित सांगताय. मग का बरं?" त्या कागदाकडे बघत राहिल्या. कोडं सुटत नाही तेव्हा हुशार मुलीचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्या आनंदाचं तिला काय करावं कळेना. तो आत आला होता, आता मागं घेता येत नव्हता. मागं पडलेल्या बाळाच्या बातमीच्या अर्ध्या वाक्याआधी आपण खूश झालो होतो, हे बाळाला कळलं असेल का, असं वेडंविद्रं काहीतरी तिच्या मनात रिक्षात आलं, आणि घरी येईपर्यंत तिनं पोटावर हात ठेवला नाही. ठरवलं मात्र होतं, की आता बंद. पुढच्या आठवड्यापासून. हे पाकीट संपलं की. मग आजचं पाकीट तिनं का घेतलं होतं? सुवर्णाताईंनी ऑफिसच्या दारात आणून दिलं, घेतलं गेलं.

आपल्या बाळाचं तिनं असं पुढच्या आठवड्यावर टाकलं होतं. वैष्णवीच्या बाळाचं टाकता येईना, हे तिला ओट्याशी उभं राहून कळलं, आणि कळल्यावर स्वतःची इतकी शरम वाटली की तिनं डोळे मिटून घेतले. वैष्णवी तिला दिवाळीत दिसली होती. नवऱ्याबरोबर दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत छाटणीला जायची ती. मनगटं इतकी बारीक की बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. सारखी हसायची. निकिता त्या मनगटांकडे बघत राहिली होती, आणि तिला हेवा वाटला होता. हेवा! भुकेनं झालेल्या मनगटांचा.

तिनं गॅलरीत जाऊन फोन लावला. रेंज यायला वेळ लागला.

"वहिनी! आज बरी आठवण आली." वैष्णवीचा आवाज लांबून, वाऱ्यातून आल्यासारखा होता.

"कशी आहेस गं?"

"मस्त हाय. तुमची पावडर आली ना. आई देती दोन टाइम. लय गोड लागती."

"आणि जेवण?"

वैष्णवी हसली. "भूकच नाय लागत वहिनी. आधी नुसतं खा खा व्हायचं, सासरी तर लाज वाटायची मागायची. आता ती घेतली का पोट कसं भरल्यागत राहतं. आई म्हनती, बघ, शहराची चीज हाय."

निकितानं कठडा धरला. खाली रस्त्यावर भाजीची गाडी उभी होती, कुणीतरी वांगी दाबून बघत होतं. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. "वैष्णवी, ऐक. ती घेऊ नकोस आता. तिची तारीख संपलीय. मला आजच कळलं."

"एवढंच ना? आपल्याकडं कुठं तारखा बघून खात्यात." ती पुन्हा हसली. "तुम्ही टाकली का तुमची?"

"मी..."

"आत्या तर म्हनली, निकिता पन हीच घेती. तुमच्या बाळाला चालती, मग माझ्या बाळाला का नाय चालायची?"

तिच्या बोलण्यात कसलीच खोच नव्हती. साधा, सरळ विश्वास होता. पाठीमागं गॅलरीच्या दारात हालचाल झाली. विमलाबाई हातात मेथीची जुडी घेऊन उभ्या होत्या. "कसली तारीख संपली? मी वाचली की डब्यावर. अजून लय अवकाश हाय तारखेला." त्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या होत्या आणि आकडे तर त्यांना चांगलेच वाचता यायचे. फोनवर वैष्णवी "हॅलो, वहिनी, हॅलो" म्हणत होती. निकिता मधोमध उभी होती. एकीला सांगितलं तर दुसरीला कळणार होतं. आणि नाही सांगितलं, तर संध्याकाळ झालीच होती, मामी आता चूल पेटवतील, दूध ठेवतील.

"ती डॉक्टरांची पावडर नाही," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, शेडमध्ये ओरडावा तसा. "वजन उतरवायची आहे. मी चोरून घेत होते, म्हणून त्या डब्यात भरून ठेवली होती. तिच्यानं भूक मरते. वैष्णवी, मामींना सांग, ती आत्ता टाकून द्या. आणि तू जेव. भूक नसली तरी जेव."

मग वैष्णवी, हसू का नको अशा आवाजात म्हणाली, "वजन उतरवायची? पन वहिनी, माझं कुठं हाय वजन?"

फोन बंद झाला, का रेंज गेली, निकिताला समजलं नाही. तिनं वळून बघितलं. विमलाबाई ओरडतील, कपाळाला हात लावतील, दीपकला फोन करतील, असं काहीतरी होईल म्हणून तिनं अंग चोरलं होतं. त्यांनी काहीच केलं नाही. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. त्यात मेथी होती.

"मीच देत होते ना तुला," त्या म्हणाल्या. "रोज. ढवळून."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आई."

"समोर उभी राहायचे मी. शेवटच्या घोटापर्यंत."

त्या आत गेल्या आणि पुन्हा वर्तमानपत्रासमोर बसल्या. मेथी निवडू लागल्या. निकिता दारातून बघत होती. पानं आणि काड्या एकाच ढिगात पडत होत्या. आपण काय केलं ते तिला तेव्हा, त्या ढिगाकडे बघताना, पुरतं कळलं. तिला वाटत होतं तिनं एक पावडर लपवली. तिनं विमलाबाईंचा हात वापरला होता. ज्या हातानं कुणाला कधी उपाशी ठेवलं नाही, त्या हातानं तिनं स्वतःच्याच बाळाला उपाशी ठेवलं होतं, आणि आता तो हात पेठपर्यंत पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी डबा आणि ते नवं पाकीट घेऊन दवाखान्यात गेल्या. निकितानंच सगळं सांगितलं. दवाखान्यातल्या बाईंनी पावडर चिमटीत घेऊन पाहिली आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण आता खाणं सुरू करा, अजून वेळ आहे, पुढच्या तपासणीत बघू. विमलाबाईंनी विचारलं, "मॅडम, भरून निघंल ना?" बाई म्हणाल्या, "बघू." येताना रिक्षात विमलाबाईंनी डबा मांडीवर धरला होता. घरी आल्यावर त्यांनी तो घासला, पालथा घातला आणि पुन्हा त्यात काही भरलं नाही. सुवर्णाताईंचे फोन येत राहिले. निकितानं एकदा उचलला आणि सगळं सांगितलं, पलीकडून "अगं, पण..." एवढंच आलं. भिंतीवरचा फोटो उतरवून आणायला हवा होता. ती अजून गेली नव्हती.

पुढच्या बाजाराला हिरामणमामा आले. पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आरोग्य केंद्रातल्या आशाताईनं वजन केलं पोरीचं. पंधरा दिस लक्ष ठेवू म्हनल्या." मग, हसावं का याचा अंदाज घेत, "ती पावडर कुसानं शेळीपुढं टाकली. शेळीनं वास घेतला नि तोंड फिरवलं." कुणी हसलं नाही. मामांनी पिशवीतून डबा काढला. कुसाबाईमामींचं नाव कोरलेला तोच डबा. झाकण उघडलं तर काठोकाठ नागलीचं पीठ, हातानं दाबून दाबून भरलेलं. त्या घरी जे गेलं होतं ते माहीत असूनही मामींनी डबा रिकामा पाठवला नव्हता. संध्याकाळी वैष्णवीचा फोन आला. "वहिनी, आज लय भूक लागली. भात संपवला सगळा. आई हसती मला." निकिता "हो का" म्हणाली, आणि तिनं फोन विमलाबाईंकडे दिला.

त्या रात्रीच्या जेवणाला विमलाबाईंनी त्याच पिठाच्या भाकरी केल्या. काळसर, जाड, तव्यावरून थेट जाळावर फुगवलेल्या. निकिता ताटावर बसली. पहिली भाकरी तिनं सगळी खाल्ली, चुलीच्या धुराची चव लागल्याचा भास होत होता. तिला भूक लागली होती. कितीतरी महिन्यांनी, आतून खेचणारी, लहानपणी शेडमधून घरी आल्यावर लागायची तशी भूक. पोटात बाळानं हातपाय मारले, एकदा, मग पुन्हा. ती थांबून ते ऐकत राहिली. विमलाबाई दुसरी भाकरी घेऊन आल्या आणि तिच्या ताटाजवळ येऊन थांबल्या.

"देऊ?" त्यांनी विचारलं.

लग्न झाल्यापासून हा शब्द निकितानं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तिनं वर बघितलं. भाकरी त्यांच्या हातात होती, वाफ निघत होती, बोटं भाजत असणार. पण हात पुढं येत नव्हता.

"वाढा ना, आई," निकिता म्हणाली, आणि तिनं ताट उचलून दोन्ही हातांनी पुढं धरलं. विमलाबाई तशाच उभ्या होत्या. ती ताट धरून राहिली.